कपडे उकळायचा दिवस

टायफसचा ताप डोक्यातल्या उवांनी नाही, कपड्यांच्या घडीत बसणाऱ्या उवांनी पसरतो, हे आशाताई ललितानं पाड्यावर चारदा समजावून सांगितलं होतं. आज विहिरीजवळच्या चुलीवर मोठा हंडा चढला. बायका गाठोडी घेऊन आल्या. एकटी बुधीबाई तेवढी दिसेना. ललिता तणतणत तिच्या झोपडीपाशी गेली. दार बंद होतं आणि आत म्हातारी मजेत गुणगुणत होती.

"आजी, एवढं घसा फोडून सांगितलं, तुम्हाला काहीच पटलं नाही ना?"

"पटनं ना, बाई! मी ते सर्वास्ना पह्यले धाडी दिनं. हंडामा हिरवं लुगडं शे ना, तेच मनं एकुलतं एक. वाळनं का येस मी बाहेर."