लखलखीत पेन्या

नवऱ्याला, सिरिलला, पुरून आठवडा झाल्यावर मोरीननं त्यानं जमवलेली ब्राँझची जुनी नाणी, त्या इंग्लिश पेन्या, त्याच्या नाणीवेड्या मित्रापुढे, डेरेकपुढे मांडल्या. डेरेक भिंग धरून नुसताच बसला. एकाच सालच्या दोन पेन्या टांकसाळीतल्या वेगवेगळ्या ठशांच्या आहेत, हे सिरिल नाण्यावरच्या राणीच्या केसांच्या एका बटेवरून, एखाद्या ठिपक्यावरून सांगायचा. आता बट नाही, ठिपका नाही. सगळं घासून गुळगुळीत, सोन्यासारखं चकचकीत.

"काळ्याकुट्ट पडल्या होत्या रे!" मोरीन चहा ओतत म्हणाली. "अर्धांगानं त्याची वाचा गेली, हात हलेना. मग मीच रोज त्याच्या उशाशी बसून एकेक पॉलिशनं घासायचे."

"त्यानं... पाहिलं?"

"पाहिलं म्हणजे? एकटक! डोळ्यांना नुसत्या धारा लागायच्या. त्याला इतका आनंद झालेला मी जन्मात पाहिला नव्हता."