ताप कुणाला येतो

अंगणात चौदा माणसं होती आणि हत्तीरोगाची गोळी एकानंही घेतली नव्हती. गेल्या वर्षी गोळ्या खाऊन दोघं तापानं फणफणले, हे गाव विसरलं नव्हतं.

"आमचे पाय धड हायेत, गोळी कायले?" म्हातारी भागरथा म्हणाली. "पैले तू खाय, आशाताई. सांजवरी पायतो तुले."

आशाताई इंद्रकलानं सगळ्यांसमोर गोळ्या गिळल्या.

दुपार कलताना तिला हुडहुडी भरली. तिनं पदर घट्ट ओढून घेतला. या तापाचा अर्थ तिला प्रशिक्षणात शिकवला होता; तो आपल्यालाच लागू पडेल, असं वाटलं नव्हतं. लपवावा तर उद्या गावभर होईल. सांगावा तर अंगण आत्ताच रिकामं होईल.

"मले ताप आला," ती म्हणाली. "गोळीनं जंतू मरतात. मेलेल्यांवर आंगातली फौज तुटून पडते, म्हून आंग तापते. म्हंजे माह्या रक्तात जंतू होते. पाय धड असूनबी."

भागरथानं तिच्या कपाळाला हात लावला आणि स्वतःच्या पायांकडे पाहिलं.

"अन् माह्या रक्तात?"

"खाल्ल्यावरच समजन."

दिवेलागणीला इंद्रकलाचा ताप एकशे दोन होता. गोळ्या नऊ जणांनी घेतल्या होत्या.