खिडकीजवळची जागा

"मॅडम, या गावाला विमान नकोच आहे," कंपनीचा माणूस हातातला तक्ता उंच धरून म्हणाला. "बहात्तर जागांच्या विमानात रोज जेमतेम दहा-बारा माणसं. हा मार्ग बंद करायला सरकारनं परवानगी द्यावी."

"अहो, आम्हाला तिकीटच मिळत नाही!" सुनावणीला आलेल्या गावकऱ्यांतून कुणीतरी ओरडलं. कंपनीच्या माणसानं तिकडे वळूनही पाहिलं नाही. हेच विमान मोठ्या शहरांकडे वळवलं, तर कंपनीची दुप्पट कमाई होणार होती.

सुनावणी घेणाऱ्या सरकारी अधिकारी खांबेटेबाई ऐकत होत्या. विमानमार्गांचे निर्णय देता देता त्यांचे केस पिकले होते. त्यांचा एक नेम होता: ज्या मार्गाची सुनावणी, त्याच विमानानं जायचं, तेही साध्या प्रवाशासारखं, स्वतः तिकीट काढून.

"कालच्या विमानात किती जण होते?"

"अकरा, मॅडम."

बाईंनी पर्समधून एसटीचं चुरगळलेलं तिकीट काढून टेबलावर ठेवलं.

"बारावी मी झाले असते. चार दिवस तुमच्याकडे तिकीट मागतेय. रोज एकच उत्तर, तिकिटं संपली. शेवटी चौदा तास एसटीनं आले. कंबर अजून धरलीय."

तक्ता हळूहळू खाली आला.

"विमान चालू राहील," बाईंनी आदेशावर सही ठोकली. "आणि माझं उद्याचं परतीचं तिकीट आत्ताच काढा. एकसष्ट जागा रिकाम्या असतात ना? मग खिडकीजवळचीच द्या."