दोन वाट्या भात

"बटण आहे ते, भिंगरे, शत्रूचं नाक नाही. किती जोरात दाबशील?" आजी स्वयंपाकघराच्या दारातूनच म्हणाली.

भिंगरीने टक्कन बटण दाबलं आणि विजेच्या कुकरच्या झाकणावर एक थाप मारली. तांदूळ, मटार, मीठ, मोजून पाणी आणि नुकतंच मिक्सरमध्ये फिरवलेलं टोमॅटोचं वाटण, सगळं त्याच्या पोटात गेलं होतं. शेजारी गॅसवर आई पातेल्यात तोच भात टाकत होती. तेच तांदूळ, तेच मटार, तेच वाटण.

आजची लढत साधीसुधी नव्हती. बारा वर्षांपूर्वी आईने नर्सची नोकरी सोडली होती. आता कोपऱ्यावरच्या दवाखान्याने तिला परत बोलावलं होतं, दुपारी चार ते रात्री नऊ. आज बरोबर एक वाजता त्यांचा फोन येणार होता. हो की नाही, तेवढंच सांगायचं.

गाडी अडली होती रात्रीच्या जेवणावर.

"मी लावीन की कुकर!" भिंगरी काल म्हणाली होती. "नववीत आहे मी, बालवाडीत नाही."

"कुकर?" बाबा हसले. ते ड्रायव्हिंग शिकवायचे. "बाळ, समोरचा क्लच कुठे घासतोय ते मला डोळे मिटून कळतं. यंत्राचा भात तर जिभेवर ठेवला की कळतो. घशाखाली उतरतच नाही तो."

"मग ओळखून दाखवा. डोळे बांधून!"

"आणि ओळखला तर?"

"तर कुकर माळ्यावर. आई घरात." बोलून गेली आणि तिने जीभ चावली. आईला विचारलंसुद्धा नव्हतं. "पण नाही ओळखलात तर आई कामावर जाणार, आणि मटार तुम्ही सोलायचे. वर्षभर!"

"कबूल."

आईने तेवढ्यात कपाटातून नर्सचा जुना पांढरा कोट काढून उन्हात टाकला होता. "वास येत होता," म्हणाली.

पंच म्हणून आजीला नेमलं, आणि त्याला कोणाचीच हरकत नव्हती. आजीइतका त्या कुकरचा वैरी घरात दुसरा नव्हता. तो आणला तेव्हा तिने त्याच्यावर फडकं टाकलं होतं आणि दोन महिने वर बटाट्यांची टोपली ठेवली होती. त्याला ती 'डबडं' म्हणायची.

"चिठ्ठ्या-बिठ्ठ्या नकोत," आजीने आता फर्मान काढलं. "कुठली वाटी कशातली, ते माझ्या डोक्यात राहील. चला, दोघी बाहेर! मी हाक मारेपर्यंत इकडे कोणी फिरकायचं नाही."

"आजी, लबाडी नाही हं करायची. आई घरीच राहायला हवीय ना तुला? माहितीये मला."

"मला काय हवंय ते तुला कोणी सांगितलं गं?" आजीने डोळे वटारले आणि दार लोटून घेतलं.

पाऊण तास भिंगरी बाहेरच्या खोलीत नुसती येरझारा घालत होती. आई एकच टॉवेल तिसऱ्यांदा घडी करत होती.

शेवटी आजी दोन वाट्या घेऊन आली. बाबांच्या डोळ्यांवर ओढणी बांधली. एक वाजायला दहा मिनिटं.

बाबांनी डावीकडच्या वाटीतला घास घेतला. हळूहळू चावला. मग पाणी पिऊन उजवीकडचा घेतला. परत डावीकडचा. भिंगरीला वाटलं, हा माणूस आता झोपतोच की काय!

"सोप्पं आहे," बाबा म्हणाले. "ही डावी तुझ्या आईच्या हातची. दाणा न् दाणा मोकळा, चव कशी आतपर्यंत गेलेली! आणि ही उजवी यंत्राची. गिचका नुसता. जीवच नाही त्यात."

"नक्की?" भिंगरीचा आवाज चिरकला.

"शंभर टक्के."

भिंगरीने आणि आईने आजीकडे पाहिलं. आजीने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"डावी डबड्यातली," ती म्हणाली.

भिंगरीने अशी काही किंकाळी फोडली की समोरच्या घराची खिडकी उघडली! ती सोफ्यावर चढली, खाली उडी मारली, आईला मिठी मारून गरागरा फिरवलं. बाबांनी ओढणी ओढून काढली. "शक्यच नाही! थांब, मी कुकरमधलाच खाऊन बघतो."

"बस खाली," आजी म्हणाली. "आधी वाटीतला संपव. हरल्यावर तरी मुकाट्याने जेवावं माणसाने."

तेवढ्यात फोन वाजला. आईने तो दोन्ही हातांनी धरला. "हो," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "हो, येते ना! सोमवारपासून येते."

बाबा तिच्याकडे बघत राहिले. असा आवाज त्यांनी बारा वर्षांत ऐकला नव्हता. "जा बाई," ते हळूच म्हणाले. "मटार कुठे ठेवतेस तेवढं दाखवून जा."

भिंगरी तरंगतच स्वयंपाकघरात गेली. जिंकलेल्या पठ्ठ्याच्या पोटातून थेट चमचाभर भात खायचा, तोही उभ्याने! पातेलं तर चाटूनपुसून रिकामं झालं होतं. तिने कुकरचं झाकण उचललं.

आत लाल, गार पाणी होतं. तळाशी तांदूळ, तसेच कच्चे. भिंतीवरच्या एकुलत्या एका प्लगमध्ये अजून मिक्सरचीच वायर होती.

तिने मान वळवली. दारात आजी उभी होती.

"झाकण लाव आधी," आजी कुजबुजली. "तुझा बाप पाणी प्यायला येतोय."