ओदोचा चेहरा

रंगासाठी लाल दगड खलून खलून मार्गेरीतच्या बोटांची सालं निघाली, पण तिची तक्रार नव्हती. गावच्या चर्चच्या भिंतीवर चित्रकार शेवटच्या न्यायाचा दिवस रंगवत होता, एका बाजूला स्वर्ग, दुसऱ्या बाजूला नरक, आणि मदतीच्या बदल्यात तो तिच्या ओदोला स्वर्गात बसवणार होता. दोन वर्षांपूर्वी मेंढी चोरल्याबद्दल जहागीरदाराने तिच्या या एकुलत्या मुलाला फासावर चढवलं होतं.

"नाक कसं होतं?" चित्रकार परांचीवरून विचारायचा.

"जरासं वाकडं. आणि डाव्या भुवईवर वण," ती हरखून सांगायची.

ईस्टरला परांची उतरली. मार्गेरीतने स्वर्गातला एकेक चेहरा न्याहाळला. ओदो नव्हता. मागे कोणीतरी फिदीफिदी हसलं. ओदो पलीकडे, नरकाच्या जबड्यात होता. गळ्यात दोर, खांद्यावर मेंढी.

"जहागीरदारांचा हुकूम होता," चित्रकार कुंचला पुसत म्हणाला. "चोर गावाला ओळखू यायला हवा, म्हणाले."

"तुम्हाला आधीपासून ठाऊक होतं?"

"हो. पण खरं बोललो असतो, तर तू चेहरा सांगितला असतास का?"

घंटा वाजली, सगळे गुडघ्यांवर बसले. मार्गेरीतने डोळे मिटले, पण लगेच उघडले. दोन वर्षांनी पहिल्यांदाच ओदो तिला दिसत होता.