संपला गं धडा

आई लेकीला घेऊन कॉलेजच्या मदत कक्षात आली होती. तिथल्या मॅडम लेकीला म्हणाल्या, "एमएच्या अभ्यासाला तुला काय काय मदत लागेल, ते आज ठरवू. आतापर्यंत पुस्तकं कोण वाचून दाखवायचं?"

"आई," लेक म्हणाली. तिला जन्मापासून दिसत नव्हतं.

"अख्खी पुस्तकं? धन्य आहे तुमची!" मॅडम आईकडे वळून म्हणाल्या, आणि आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दिवसभर शिलाई मशीनवर मान मोडून बसल्यावर संध्याकाळी तिचे डोळे चुरचुरायचे. मग ती हळूच दोन-चार पानं गाळायची आणि खुशाल सांगायची, "संपला गं धडा." तरीही लेक बीएला फर्स्ट क्लासमध्ये पास झाली, तेव्हा त्या पानांत तसं काही नसावंच, अशी तिने मनाची समजूत घातली होती.

मॅडमनी कॉम्प्युटर पुढे सरकवला. "हा अख्खं पुस्तक वाचून दाखवतो. एक ओळ सोडत नाही. जमेल वापरायला?"

आईला वाटलं, आता चोरी पकडली जाणार! पण लेकीची बोटं कीबोर्डवर सराईतासारखी फिरली. "हे माझ्या फोनवर आहे की, कधीपासून."

"मग आईला कशाला कामाला लावतेस?"

लेकीने चाचपत आईचा हात धरला.

"पुस्तक मला आईच्याच आवाजात लक्षात राहतं, मॅडम. यावर मी तिने गाळलेली पानं तेवढी ऐकते."