खाडीने मागितलेली तुकडी

मुख्याध्यापिकांनी खाडीवरच्या सहलीसाठी आठवी ‘अ’ची हुशार मुलं निवडली आणि नेहमीप्रमाणे खारफुटीच्या जंगलाकडे परवानगी मागितली. जंगलाचं उत्तर लगेच कार्यालयातल्या संगणकाच्या पडद्यावर उमटलं: ‘या वर्षी ड तुकडी पाठवा.’

“ती वांड पोरं?” मुख्याध्यापिका उडाल्याच.

‘गेल्या वर्षी अ तुकडीने माझी चित्रं काढली. ड तुकडीने चिखलात उतरून माझ्या मुळांना आवळणारं जाळं सोडवलं.’

“आणि गणवेश मळवले म्हणून आपण त्यांना दिवसभर वर्गाबाहेर उभं केलं,” ड तुकडीच्या वर्गशिक्षिका तांडेल बाई म्हणाल्या. त्यांची मान ताठ झाली होती. “मॅडम, गणवेश या वर्षीही मळणार. आत्ताच सांगून ठेवते.”